दक्षिण कुठे आहे

शिडी दोनदा घसरली. तिसऱ्यांदा
ड्वेन खालच्या पायरीवर उभा राहिला सगळ्या वजनासकट,
तेव्हा कुठे मी मचाणाच्या छपरावर पोचले:
बगलेत पॅनल, दातांत दोन स्क्रू.
ऑक्टोबर सरत आलेला. टॅमरॅकच्या पिवळ्या सुया
पत्र्यावर सांडलेल्या,
झाडल्या तरी बोटांना चिकटणाऱ्या.

खालून बाबा म्हणाले, हेल्वी, दक्षिण तिकडे नाही.
होकायंत्र तर तिकडेच दाखवतंय.
होकायंत्राचं काय घेऊन बसलीस, ते लोखंडाचं ऐकतं,
आणि ह्या टेकडीच्या पोटात सगळं लोखंडच आहे.
तुझ्या पणजोबांनी अर्धंच काढलं.
थांब जरा. सावली सांगेल.

मग मोकळ्या जागेत एक काठी रोवली,
सावलीच्या टोकाशी खडा, थोड्या वेळाने दुसरा खडा.
आमच्याकडे बाराला मध्यान्ह होत नाही,
सूर्य वर यायला दीड वाजून जातो.
तोवर गार झालेल्या पास्ट्या खाल्ल्या, सलगमाच्या,
आणि बाबांच्या खांद्यावरची पेटी
त्यांच्या नाकात श्वास सोडत राहिली,
फुस्,
मग थांबून पुन्हा
फुस्.

पेटीची बॅटरी तीन तास चालते.
शिकारीचा हंगाम सोळा दिवसांचा,
आणि ह्या माणसाला मचाणात बसायचं असतं
उजाडायच्या आधीपासून काळोख पडेपर्यंत.
डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या. मीही म्हटलं.
शेवटी पॅनल मीच मागवलं.

सातव्या खड्यापाशी सावली आखूड झाली,
आठव्यापाशी पुन्हा लांबू लागली.
सातव्यापासून काठीकडे, काठीच्या पलीकडे नजर लावली:
होकायंत्रापेक्षा चांगली वीतभर डावीकडे,
नेमकी मचाणाच्या मोठ्या खिडकीसमोर,
जिथून सीडरच्या दलदलीतून
हरणं बाहेर येतात.

ड्वेन म्हणाला, झालं कल्याण.
काच चमकली की एकही फिरकणार नाही.
पूर्वेच्या भिंतीला ठोकू. थोडी वीज कमी मिळेल, मिळू दे.
मी हिशेब करू लागले, थोडी म्हणजे किती,
थोडी म्हणजे किती वाजेपर्यंतचा श्वास.

बाबा आत जाऊन बसले होते, जुन्या मोटारीच्या सीटवर.
डोक्यावरच्या तुळईत चाकूने पाडलेल्या खाचा,
दर हरणामागे एक. पहिल्या खाचेपाशी
रेनो लाहटी, एवढंच कोरलेलं.
खिडकीतून म्हणाले, समोरच लाव.
अहो पण हरणं?
लाव गं.
आणि मग, ड्वेन गाडीतून पान्हा आणायला गेल्यावर,
बंदूक मार्चमध्येच दिली विकून.
कोस्कीच्या नातवाला. चांगला आहे मुलगा. तेल घालतो वेळेवर.

मी काही विचारलं नाही. दातांत स्क्रू होते.

साठ अंशांवर बसवलं, जवळजवळ उभंच.
नोव्हेंबरचा सूर्य वर चढत नाही,
सीडरच्या शेंड्यांवर हनुवटी टेकवून
जेमतेम पलीकडे सरकतो;
त्याच्या डोळ्याला डोळा भिडवायचा तर
पॅनललाही ताठ बसावं लागतं.
शिवाय बर्फ टिकत नाही त्यावर. आपोआप घसरतं.
पांढऱ्या पाइनची एक फांदी अडीचला आड येत होती,
ड्वेनने ती करवतीने पाडली, नंतर शिव्या दिल्या,
कारण भुसा त्याच्याच कॉफीत पडला.

तार आत घेतली. बॅटरीला जोडली.
डबीवर हिरवा दिवा लागला, मोहरीएवढा.
बाबा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.
मग खिशातून काळी चिकटपट्टी काढली,
थरथरत्या हातांनी तिचा तुकडा तोडला, दातांनी,
आणि नीट दाबून दिव्यावर लावला.

हरणांना दिसेल, म्हणाले.
फुस्, पेटी म्हणाली.
बाहेर दलदलीत काहीतरी हललं, किंवा नसेलही.